‘-लेला’ सापडला की थर्ड फॉर्म सापडला

कराडजवळच्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये मी 26 वर्षं इंग्रजी शिकवलं. आता निवृत्त आहे आणि संध्याकाळी साडेसहा ते आठ घराच्या पुढच्या खोलीत वर्ग घेते. शाळेतली मुलं त्यात कमी, नोकरी करणारी मंडळी जास्त. नर्सिंग केलेल्या मुली येतात, पतसंस्थेतले क्लार्क येतात, एक मेडिकल दुकानदार आहेत आणि मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून येणाऱ्या दोन आया आहेत. प्रत्येकाच्या जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर तोच तक्ता असतो: गो-वेंट-गॉन, ईट-एट-ईटन, राइट-रोट-रिटन. पाढ्यासारखा पाठ. पण हा तिसरा रकाना वापरायचा कुठे, असं विचारलं की खोलीत शांतता पसरते. फार तर कोणीतरी म्हणतं, “हॅव, हॅज, हॅडनंतर.” ते खरं आहे, पण पुरेसं नाही.

गेल्या वर्षी एक मुलगी रडवेली होऊन आली. जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स पूर्ण झालेली, कामात चोख. एका मोठ्या रुग्णालयात मुलाखतीला गेली होती. नोकरी का हवी, असं विचारल्यावर ती म्हणाली, ‘आय ॲम व्हेरी इंटरेस्टिंग इन धिस जॉब.’ समोरचे तिघे हसले. का हसले, ते कोणी सांगितलं नाही. तिने मला विचारलं, “बाई, मी असं काय बोलले?” तिला मी त्या संध्याकाळी जे समजावलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते. कारण तिची चूक इंग्रजी कच्चं असल्याची नव्हती. पास्ट पार्टिसिपल, म्हणजे तक्त्यातलं हे तिसरं रूप, नेमकं काय असतं, हे तिला बारा-पंधरा वर्षांच्या शिक्षणात कोणी मराठीतून दाखवलंच नव्हतं.

सुरुवात नावापासून करू, कारण पहिला गोंधळ नावच घालतं. ‘पास्ट पार्टिसिपल’मध्ये ‘पास्ट’ आहे म्हणून सगळे त्याला भूतकाळ समजतात. आता हे वाक्य बघा: ‘द ब्रिज विल बी रिपेअर्ड नेक्स्ट इयर.’ पूल पुढच्या वर्षी दुरुस्त होणार आहे, भूतकाळाचा वाससुद्धा नाही, तरी ‘रिपेअर्ड’ हे तिसरं रूपच आहे. काळ दाखवण्याचं काम त्याच्या मागचं साहाय्यक क्रियापद करतं. तिसरं रूप फक्त एवढंच सांगतं की ही क्रिया झालेली असणं, ही त्या वस्तूची अवस्था आहे. कधी झालेली, ते दुसऱ्याला विचारा.

वरच्या वाक्यात मी ‘झालेली’ म्हटलं, तीच किल्ली आहे. वहीतल्या तक्त्यात तिसऱ्या रकान्याच्या डोक्यावर ‘व्ही-थ्री’ लिहिलंय ना? ते खोडा आणि तिथे लिहा: -लेला, -लेली, -लेलं. मग खाली वाचत जा. ब्रोकन म्हणजे फुटलेला, रिटन म्हणजे लिहिलेलं, स्टोलन म्हणजे चोरलेली, लॉस्ट म्हणजे हरवलेली, टोर्न म्हणजे फाटलेलं. दुसरा रकाना मात्र ‘फुटला, लिहिलं, चोरली’ असा आहे. ‘कप फुटला’ ही घटना, ‘फुटलेला कप’ ही अवस्था. हा फरक मराठी माणसाला तीन वर्षांचा असल्यापासून कळतो. ‘फुटला कप टेबलावर आहे’ असं आपण कोणी म्हणत नाही, मग ‘द ब्रोक कप’ही म्हणायचं नाही.

पहिला सराव मी स्वयंपाकघरात करायला सांगते, कारण तिथे तिसरी रूपं ओट्यावर पसरलेली असतात. उकडलेलं अंडं: बॉइल्ड एग. चिरलेला कांदा: चॉप्ड अनियन. किसलेलं खोबरं: ग्रेटेड कोकोनट. भाजलेले शेंगदाणे: रोस्टेड पीनट्स. भिजवलेली डाळ: सोक्ड डाळ. वाळवलेली मिरची: ड्राइड चिली. गोठवलेले मटार: फ्रोझन पीज. भरलेली वांगी: स्टफ्ड ब्रिंजल्स. यातला ‘ड’ किंवा ‘न’ म्हणजे आपला ‘-लेला’. तो गाळला तर ‘उकड अंडं’, ‘चिर कांदा’ असं काहीतरी होतं. आपल्याकडच्या हॉटेलांच्या मेनूकार्डांवर ‘बॉइल एग’, ‘फ्राय राइस’, ‘ग्रिल सँडविच’, ‘मिक्स व्हेज’ सर्रास असतं. त्यात त्या लोकांचा फार दोष नाही. बोलताना शेवटचा ‘ड’ पुढच्या अक्षरात विरघळतो आणि कानाला ऐकू येत नाही. खुद्द इंग्रजांचंही तसं झालं. ‘आइस्क्रीम’ हा शब्द मुळात ‘आइस्ड क्रीम’ होता, म्हणजे गारठवलेली साय. आज तो ‘ड’ कोणाला आठवत नाही. पण जिथे तो अजून टिकून आहे, तिथे अर्जात आणि परीक्षेत तो लिहावा लागतो.

दुकानाच्या दारावरची पाटी घ्या. एका बाजूला ‘ओपन’, दुसऱ्या बाजूला ‘क्लोज्ड’. वर्गातले दुकानदार हटकून विचारतात, एकीला ‘ड’ आणि दुसरीला का नाही? कारण ‘ओपन’ हे स्वतःच विशेषण आहे, आपल्या ‘उघडं’सारखं. ‘क्लोज’ला विशेषण म्हणून ‘बंद’ असा अर्थच नाही, त्याचा अर्थ ‘जवळचा’. म्हणून बंद दाखवायला तिसरं रूप लागतं: क्लोज्ड, म्हणजे बंद केलेलं. ‘शॉप इज क्लोज’ आणि ‘शॉप इज ओपन्ड’ ही दोन्ही वाक्यं या एका गोष्टीने सुधारतात. ‘मेलेला’चंही तसंच. ‘डेड’ हे विशेषण तयार असल्यामुळे ‘अ डाइड डॉग’ होत नाही.

सरकारी मराठीचा फायदा

पतसंस्थेतल्या मंडळींना ‘-लेला’पेक्षा दुसरा रस्ता लवकर कळतो. आपली कार्यालयीन मराठी ‘-इत’ आणि ‘-कृत’ने भरलेली आहे. साक्षांकित प्रत म्हणजे अटेस्टेड कॉपी, नोंदणीकृत संस्था म्हणजे रजिस्टर्ड, आरक्षित जागा म्हणजे रिझर्व्ड, प्रमाणित म्हणजे सर्टिफाइड, सुधारित अंदाजपत्रक म्हणजे रिवाइज्ड बजेट. अनुदानित शाळा म्हणजे एडेड, विनाअनुदानित म्हणजे अनएडेड. हा शेवटचा भेद आमच्या पगारात दिसायचा, त्यामुळे शिक्षकांना तो वेगळा शिकवावा लागत नाही.

हा योगायोग नाही, आणि याबद्दल मला मनापासून सांगावंसं वाटतं. लिखित, कृत, गत, श्रुत हे शब्द संस्कृतातल्या क्त प्रत्ययाने, म्हणजे धातूला ‘त’ लावून बनतात. काही धातूंना ‘त’ऐवजी ‘न’ लागतो: भिन्न, जीर्ण, पूर्ण, खिन्न. इंग्रजीत बघा, तिथेही दोनच मुख्य शेपट्या आहेत. एक ‘-एड’ची आणि दुसरी ‘-एन’ची. एकाच आद्य भाषेतून दोन्हीकडे हे ‘त’ आणि ‘न’ आलेले आहेत. संस्कृत ‘भिद्’ आणि इंग्रजी ‘बाइट’ हे धातूसुद्धा एकाच मुळाचे, आणि त्यांची रूपं भिन्न आणि बिटन. ही जोडी मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते तेव्हा तक्त्याला कंटाळलेली माणसंही पुढे सरकून बसतात.

मराठीतलं ‘मी चिठ्ठी लिहिली, मी पत्र लिहिलं’ हेही त्याच कुळातलं आहे. लिहिणारी मी एकच, पण क्रियापद चिठ्ठीप्रमाणे आणि पत्राप्रमाणे बदलतं. कारण हे रूप मुळात कर्माचं विशेषण होतं, ‘माझ्याकडून लिहिलेली चिठ्ठी’ या अर्थाचं. आपल्या कर्मणी प्रयोगात ते विशेषण अजून जिवंत आहे.

‘हॅव’ आणि ‘बी’

‘आय हॅव रिटन अ लेटर’ या वाक्यात ‘हॅव’ कशाला, असं मला लहानपणी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ‘हॅव’ म्हणजे जवळ असणं. जुन्या इंग्रजीत या रचनेचा अर्थ ‘माझ्याजवळ पत्र आहे, लिहिलेलं’ असा होता, आणि त्या काळी ते तिसरं रूप आपल्यासारखंच पत्राप्रमाणे बदलायचंही. पुढे ते बदलणं गेलं, शब्दांची जागा सरकली, पण अर्थाचा गाभा तोच राहिला: काम झालेलं आहे आणि त्याचं फळ आत्ता हातात आहे. म्हणून ‘आय हॅव लॉस्ट माय की’ म्हटलं की किल्ली अजून सापडलेली नाही असं ऐकणारा समजतो. मराठीत आपण ‘हरवली आहे’, ‘हरवलीय’ म्हणतो. ‘आहे’ आलं की ‘हॅव’ किंवा ‘हॅज’, असं सुरुवातीला धरून चाला.

पण कालचा, परवाचा, 2019चा उल्लेख आला की ‘हॅव’ काढून टाका. ‘आय हॅव सीन हिम येस्टर्डे’ चालत नाही. ‘हॅव’चं सगळं लक्ष ‘आत्ता’कडे असतं आणि ‘येस्टर्डे’ कालकडे ओढतं. तिथे दुसरा रकाना: ‘आय सॉ हिम येस्टर्डे.’

मराठी माणसाची सगळ्यात घट्ट चूक मात्र ‘हॅड’ची आहे. आपण म्हणतो, ‘मी काल पुण्याला गेलो होतो.’ गेलो आणि परत आलो, हे सांगायला आपल्याला ‘होतो’ लागतं. नुसतं ‘काल पुण्याला गेलो’ म्हटलं तर गोष्ट अर्धी राहते. मग इंग्रजीत तेच उतरतं: ‘आय हॅड गॉन टू पुणे येस्टर्डे.’ ऐकणारा वाट बघत राहतो, कारण इंग्रजीत ‘हॅड’ म्हणजे ‘त्याच्याही आधी’. कशाच्या आधी, ते सांगावं लागतं. ‘व्हेन वी रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट.’ आम्ही स्टँडवर पोचलो त्याआधीच गाडी सुटली होती. इथे दोन घटना आहेत, आधीची ‘हॅड’ घेते, नंतरची दुसऱ्या रकान्यातलं रूप. घटना एकच असेल तर ‘हॅड’ला हात लावू नका. ‘आय वेंट टू पुणे येस्टर्डे’, बस. हे मी वर्गात आठवडाभर रोज बोलून घेते. प्रत्येकाने आल्या आल्या काल काय केलं त्याची तीन वाक्यं ‘हॅड’शिवाय सांगायची. चौथ्या-पाचव्या दिवशी जीभ वळते.

‘गॉन’ आणि ‘बीन’चा घोळही मराठीतून सुटतो. ‘ही हॅज गॉन टू मुंबई’ म्हणजे मुंबईला गेलाय, इथे नाही. ‘ही हॅज बीन टू मुंबई’ म्हणजे मुंबईला जाऊन आलाय. ‘गेलाय’ आणि ‘जाऊन आलाय’, एवढंच लक्षात ठेवा.

‘बी’चं कुटुंब, म्हणजे इज, आर, वॉज, वेअर, बीन, बीइंग, याच्यापुढे तिसरं रूप आलं की कर्त्यावरून प्रकाश कर्मावर जातो. यालाच पॅसिव्ह म्हणतात. शाळेत आम्ही हे ‘राम किल्ड रावण, रावण वॉज किल्ड बाय राम’ असं वाक्य उलटवून शिकवायचो. परीक्षेपुरतं ते ठीक, पण त्यामुळे मुलांना वाटतं की पॅसिव्हमध्ये ‘बाय’ हवाच. खऱ्या आयुष्यात पॅसिव्ह वापरायचं कारणच हे असतं की कोणी केलं ते माहीत नाही किंवा सांगायची गरज नाही. ‘माय फोन वॉज स्टोलन.’ चोर कोण ते माहीत असतं तर पॅसिव्ह कशाला वापरलं असतं? कार्यालयातल्यांनी आपली ‘करण्यात’ची भाषा आठवावी. ‘करण्यात येते’ म्हणजे ‘इज डन’, ‘करण्यात आले’ म्हणजे ‘वॉज डन’, ‘करण्यात आले आहे’ म्हणजे ‘हॅज बीन डन’, ‘करण्यात येईल’ म्हणजे ‘विल बी डन’. एका क्लार्कने ही चार रूपं कॉम्प्युटरशेजारी चिकटवून ठेवलीत, आणि आता तो इंग्रजी पत्रं स्वतः लिहितो.

पॅसिव्ह फक्त त्याच क्रियापदाचं होतं ज्याला कर्म असतं. ‘अपघात झाला’चं ‘ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड’ होत नाही, ‘ॲन ॲक्सिडेंट हॅपन्ड’ एवढंच. माझ्या शेजाऱ्यांनी विम्याच्या अर्जात ‘वॉज हॅपन्ड’ आणि ‘ही वॉज डाइड’ लिहिलं होतं. ‘झाला’मध्ये आपल्याला ‘वॉज’ ऐकू येतो, म्हणून हे होतं. परीक्षा साधी आहे: ‘काय?’ किंवा ‘कोणाला?’ विचारा. काय चोरलं? फोन. उत्तर आलं, पॅसिव्ह होईल. काय घडला? काय मेला? प्रश्नच बसत नाही, म्हणून पॅसिव्ह नाही.

जिथे ‘-लेला’ फसवतो

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले तिथे येते, कारण ‘-लेला’ची युक्ती आंधळेपणाने वापरली तर खड्ड्यात नेते.

‘खुर्चीत बसलेला माणूस’ इंग्रजीत कसा म्हणाल? ‘अ सॅट मॅन’? नाही, ‘अ मॅन सिटिंग इन द चेअर’. ‘झोपलेलं बाळ’ म्हणजे ‘अ स्लीपिंग बेबी’. ‘दाराशी उभा राहिलेला मुलगा’ म्हणजे ‘स्टँडिंग’. ‘साडी नेसलेली बाई’ म्हणजे ‘अ वूमन वेअरिंग अ सारी’. सगळीकडे मराठीत ‘-लेला’ आणि इंग्रजीत ‘-इंग’. का? आपण ‘बसणं’ म्हणतो तेव्हा उभ्याचं बसतं होण्याचा तो एक क्षण आपल्या डोळ्यांपुढे असतो. तो क्षण संपला की माणूस ‘बसलेला’. इंग्रजी ‘सिट’मध्ये तो क्षणही येतो आणि त्यानंतर तासभर बसून राहणंही येतं, म्हणून त्यांच्या लेखी बसणं अजून चालू आहे. नेसणं, झोपणं, टेकणं, लटकणं, सगळ्यांचं असंच. तेव्हा शरीराची ठेवण आणि अंगावरचे कपडे यांच्या बाबतीत ‘-लेला’ दिसला तरी थांबा आणि ‘-इंग’ लावून बघा.

दुसरा खड्डा ‘आलेला पाहुणा’, ‘घडलेला प्रकार’, ‘पोचलेलं पार्सल’. कर्म नसलेल्या क्रियापदाचं तिसरं रूप नामाच्या आधी सहसा बसत नाही. ‘द कम गेस्ट’ होत नाही, ‘द गेस्ट हू हॅज कम’ असं लांबून जावं लागतं. थोडे अपवाद आहेत आणि ते वापरातले आहेत: फॉलन लीव्ज म्हणजे गळलेली पानं, अ रिटायर्ड टीचर म्हणजे मी, फेडेड कलर म्हणजे उडालेला रंग.

तिसरी जागा त्या मुलीच्या मुलाखतीची. इंटरेस्टिंग आणि इंटरेस्टेड, बोअरिंग आणि बोअर्ड, टायरिंग आणि टायर्ड, कन्फ्यूजिंग आणि कन्फ्यूज्ड. ‘इंटरेस्ट’ या क्रियापदाचा अर्थ ‘दुसऱ्याला रस वाटायला लावणं’. नोकरी रस वाटायला लावते, म्हणून नोकरी ‘इंटरेस्टिंग’. ज्या माणसावर तो परिणाम झालाय तो ‘इंटरेस्टेड’, म्हणजे रस निर्माण झालेला. थकवणारं काम टायरिंग, थकलेली नर्स टायर्ड. घाबरवणारा कुत्रा फ्रायटनिंग, घाबरलेलं पोर फ्रायटन्ड. -णारा म्हणजे ‘-इंग’, -लेला म्हणजे तिसरं रूप. ती म्हणाली होती त्याचा अर्थ ‘या नोकरीत मी फार मजेशीर माणूस आहे’ असा काहीसा निघत होता. हे कळल्यावर तिने वहीत दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिली आणि खाली ‘थकवणारं काम, थकलेली मी’ असं लिहून अधोरेखित केलं. पुढची मुलाखत तिने दुसरीकडे दिली आणि आज ती तिथे नाइट ड्यूटी करते.

लग्नाचं याच ओघात सांगते. ‘आर यू मॅरीड?’ म्हणजे लग्न झालेलं आहे का, ही अवस्था. ‘वी गॉट मॅरीड इन मे’ म्हणजे मेमध्ये झालं, ही घटना. आणि ‘मॅरीड’पुढे ‘विथ’ नाही, ‘टू’.

केस कापणं आणि कापून घेणं

‘काल मी केस कापले.’ सलूनमध्ये जाऊन आलेला माणूस मराठीत खुशाल असं म्हणतो. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटलं तर त्याने स्वतः आरशासमोर कात्री चालवली. दुसऱ्याकडून करून घेतलं असेल तर: ‘आय हॅड माय हेअर कट.’ हॅड, मग वस्तू, मग तिसरं रूप. ‘आय हॅड माय ब्लाउज स्टिच्ड.’ ‘वी आर गेटिंग द हाउस पेंटेड.’ शब्दांचा क्रम इथे सगळं ठरवतो. ‘आय हॅड कट माय हेअर’ म्हटलं की पुन्हा कात्री तुमच्या हातात आली. परदेशात मुलांकडे गेलेल्या आईवडिलांना ही रचना पहिल्या आठवड्यातच लागते, म्हणून मी ती लवकर शिकवते.

नामानंतर येणारं तिसरं रूपही शिकून घ्या, त्याने वाक्यं आटोपशीर होतात. ‘द लेटर विच वॉज सेंट बाय द बँक’मधलं ‘विच वॉज’ काढा, ‘द लेटर सेंट बाय द बँक’ उरतं. मराठीत ‘बँकेने पाठवलेलं पत्र’. कराडशेजारी जखिणवाडीच्या डोंगरात आगाशिवची बौद्ध लेणी आहेत, त्यांना इंग्रजीत ‘रॉक-कट केव्ह्ज’ म्हणतात, खडकात कोरलेली. तिथला ‘कट’ तिसरं रूप आहे. त्याची तिन्ही रूपं सारखी असल्यामुळे ते ओळखू येत नाही, एवढंच.

वाक्याच्या सुरुवातीलाही ते येतं: ‘फाउंडेड इन 1919, द रयत शिक्षण संस्था बिगॅन ॲट काले.’ 1919 साली स्थापन झालेल्या या संस्थेची सुरुवात इथूनच जवळ, काले गावी झाली. या रचनेत एक पथ्य पाळायचं. स्वल्पविरामानंतर लगेच तीच वस्तू यायला हवी जिची ती अवस्था आहे. ‘फाउंडेड इन 1919, मेनी पुअर स्टुडंट्स स्टडीड देअर’ लिहिलं तर विद्यार्थ्यांचीच स्थापना 1919मध्ये झाली असा अर्थ होतो. शिवाय ‘फाउंड’ आणि ‘फाउंडेड’ यांत गल्लत करू नका. फाइंड-फाउंड-फाउंड म्हणजे सापडणं, फाउंड-फाउंडेड-फाउंडेड म्हणजे स्थापन करणं. शाळेच्या माहितीपत्रकात ‘अवर स्कूल वॉज फाउंड इन’ असं छापलेलं मी पाहिलंय.

तक्ता पाठ कसा करावा

अख्खा तक्ता पाठ करू नका. तो आधी चाळणीतून काढा. कट, पुट, शट, हर्ट, कॉस्ट यांची तिन्ही रूपं सारखी, पाठ करायला काहीच नाही. बाय-बॉट-बॉट, सेंड-सेंट-सेंट, मेक-मेड-मेड आणि सगळी ‘-एड’वाली, यांचा दुसरा आणि तिसरा रकाना एकच, त्यामुळे चुकायला वावच नाही. कम-केम-कम, रन-रॅन-रन आणि बिकम यांचं पहिलंच रूप तिसऱ्याला परत येतं. उरतात ती तिन्ही वेगळी असणारी, आणि रोज लागणारी अशी चाळीसच्या आसपास भरतात. त्यांतल्या बहुतेकांच्या शेवटी ‘न’ वाजतो: टेकन, गिव्हन, सीन, नोन, वोर्न, चोझन, ड्रिव्हन, ईटन, डन, गॉन. राहिलेली सिंग-सँग-संग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक, स्विम-स्वॅम-स्वम अशी स्वर बदलणारी. ही एका दमात म्हणा, कान लगेच पकडतो. ‘आय हॅव वेंट’, ‘आय हॅव ड्रँक’ असल्या चुका बहुतेक या चाळीसांत होतात, म्हणून मेहनत इथेच करा.

‘-एड’चा उच्चार ‘एड’ असा फार थोड्या ठिकाणी होतो. शब्द ट किंवा डने संपत असेल तरच वेगळं अक्षर ऐकू येतं: वाँटिड, नीडिड. क, प, स, श, च, फ यांच्यापुढे तो ट होतो: वॉक्ट, हेल्प्ट, वॉश्ट, लाफ्ट. बाकी सगळीकडे ड: प्लेड, क्लीन्ड. ‘वॉकेड’, ‘लाफेड’ म्हणू नका. काही जुनी विशेषणं मात्र हट्टाने पूर्ण उच्चार ठेवतात. विद्वान या अर्थी ‘लर्निड’ म्हणतात, म्हणूनच कोर्टात ‘माय लर्निड फ्रेंड’.

पहिले पंधरा दिवस मी रोज एकच गृहपाठ देते. घरातल्या पाच ‘-लेल्या’ वस्तू शोधायच्या, इंग्रजीत लिहायच्या, आणि ज्या जमत नाहीत त्यांपुढे प्रश्नचिन्ह ठेवून आणायच्या. प्रश्नचिन्हंच जास्त शिकवतात. परवा एका आईने यादी आणली: दळलेलं पीठ, ग्राउंड फ्लोअर. मग तिनेच खोडलेलं, कारण तो तळमजला. पीठासाठी ‘फ्लावर’चा उच्चार आणि स्पेलिंग दोन्ही आम्ही फळ्यावर केलं, आणि ग्राइंड-ग्राउंड-ग्राउंडही. पाचव्या ओळीत तिने ‘उरलेली भाकरी’ लिहून पुढे ‘लेफ्टओव्हर’ लिहिलं होतं, मुलाच्या पुस्तकातून शोधून, आणि प्रश्नचिन्ह दिलं होतं. “बाई, हा शब्द मिळाला, पण यात क्रियापद कुठाय? तक्त्यात सापडत नाही.” मी तिला तक्ता पुन्हा उघडायला लावला. बोट खाली नेत नेत ती लीव्हपाशी आली, मग लेफ्ट, मग पुन्हा लेफ्ट. तिथे बोट थांबलं आणि ती हळूच म्हणाली, “ठेवलेली. मागे ठेवलेली.”